शिंगाड्याचा काटा

चंद्रपूर, ४ डिसेंबर २०२३

मनसाराम,

आशीर्वाद. नको असले तरी घे. मोठ्या बहिणीचे आशीर्वाद परत करायची सोय नसते.

फोन तू उचलत नाहीस. जयाच्या फोनवर केला तर ती म्हणते, "मामाजी तलावावर गेले," आणि मागून तुझं खोकणं ऐकू येतं. सून चांगली आहे, तिला माझ्याशी खोटं बोलायला लावू नकोस. म्हणून हे पत्र. आणि ते तिला वाचायला देऊ नकोस. तुला वाचता येतं. तलावाच्या पाळीवर बसून, चिखलात काडीने अक्षरं काढून मीच शिकवलं आहे.

काल जयाने सगळं सांगितलं. गेल्या महिन्याभरात तू दोनदा तलावात पडलास. कमरेएवढ्या पाण्यात! दुसऱ्या वेळी तुझ्या सोबत्याने, पत्रूने, काखेत हात घालून वर काढलं. आणि परवा तिला सारवलेल्या अंगणात रक्ताचे ठिपके दिसले. ती ठिपक्यांच्या मागे मागे गेली, तर ते तुझ्या खाटेपाशी संपले. तुझ्या उजव्या तळव्यात शिंगाड्याचा काटा होता. बोटाच्या पेराएवढा. शिंगाडे काढायला तू त्याच्या तीन दिवस आधी उतरला होतास, म्हणजे तीन दिवस तो काटा घेऊन तू गावभर हिंडलास.

"मी काटा ओढला, आत्याबाई, त् मामाजी म्हणते, काय करून राह्यली वं पायाले?"

मला हे आवडलेलं नाही. साठीला आलेल्या माणसाने अनवाणी फिरू नये. साखर तपासून घे. घरात चप्पल घाल. तलावात पत्रू बरोबर असल्याशिवाय उतरू नकोस.

एक गोष्ट मात्र बरी ऐकली. गावातल्या शिबिरात तुझं हिमोग्लोबिन साडेबारा निघालं आणि लाल गोळी तू रोज न चुकता घेतोस, असं जया म्हणाली. पोटाच्या ऑपरेशनला आता पावणेतीन वर्षं होतील. तेवढीच वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. पण गोळी घेतोस, म्हणजे माझं एक तरी ऐकतोस.

खाणं दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. लग्नाच्या पंगतीत भात चढवायचा नाही.

तुझी,
बाई


चंद्रपूर, ७ डिसेंबर २०२३

मनसाराम,

मागचं पत्र पोचलं असेल तर बाजूला ठेव. त्यात मी तुला रागावले आहे. चूक माझी आहे.

मला राहवलं नाही. जयाला पुन्हा फोन करून म्हटलं, "त्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाच." तिने अक्षर अक्षर लावून वाचलं. लोह आणि फॉलिक ॲसिड. मी विचारलं, ही कुठून आणली?

"माह्याच हायेत नं. आशाताई देऊन गेली, पोटुशी बाईसाठी. मले त्या गोळीनं लय मळमळते. मामाजी म्हणे, बाईनं लाल गोळी खायला सांगतली, हे लालच हाये. म्या म्हटलं, बरंच झालं, वाया नाई जात."

मी फोन खाली ठेवला.

आठवतं का? पहिली दोन वर्षं पत्रूच्या हाती मी पाकिटं पाठवत होते. मग गेल्या फाल्गुनात तू एक पाकीट न उघडता परत पाठवलंस. निरोप होता, "गोळ्या इथी भेटतात. तिच्या नोको." मला राग आला. मीही उलट निरोप दिला, "मग तिथली लाल गोळी घे, पण चुकवू नकोस." नाव लिहून दिलं नाही. मुलींनी आकृतीला नावं दिली नाहीत की पस्तीस वर्षं मी अर्धा गुण कापत आले. आणि सख्ख्या भावाला औषध सांगताना फक्त रंग सांगितला.

तुझी गोळीही लाल, जयाची गोळीही लाल. पण त्या वेगळ्या आहेत. नीट वाच, कारण तुझे पाय यावर आहेत.

आपण खातो त्यात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व असतं. मासळीत भरपूर. ते एकटं रक्तात जाऊ शकत नाही. जठर एक रस सोडतं, तो त्याला हाताला धरून पुढे नेतो. तुझं जठर काढलं आहे, तेव्हा हात धरणारा कोणी उरला नाही. तू रोज ताटभर मासळी खाल्लीस तरी ते तसंच बाहेर जातं. यकृतात जुना साठा असतो, दोन-तीन वर्षांचा. तुझा आजारपणातच उतरला असणार, माझी पाकिटं होती तोवर त्यात थोडी भर पडत होती. गेले नऊ महिने भर बंद आहे, साठा सरला, आणि नसा वाळायला लागल्या. आधी तळवे बधिर होतात. जमीन कापसासारखी लागते. तसंच होतंय ना?

सगळ्यात वाईट पुढे आहे. जयाच्या गोळीतल्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं. रक्त उतरलं असतं तर शिबिरातल्या डॉक्टरला शंका आली असती. ते साडेबारा निघालं, आणि मी इथे बसून खूश झाले. आत पाय हातचे चालले होते.

साखरेचा, वयाचा, चपलेचा काही संबंध नाही. तो काटा तुला कळला नाही तो माझ्यामुळे.

जयाला म्हणावं, तिच्या गोळ्या तिनेच खायच्या, जेवणानंतर, मळमळलं तरी. पोरगं तिच्या पोटात आहे, तुझ्या नाही.

तुझ्या पोराशी, पिंटूशी मी बोलले आहे. तो तुला मंगळवारी आरोग्य केंद्रात घेऊन येईल. नाही म्हणू नकोस.

बाई


चंद्रपूर, १३ डिसेंबर २०२३

मनसाराम,

काल मी तिथे असेन हे पिंटूने तुला सांगितलं नव्हतं. मीच सांगू नको म्हटलं होतं. सांगितलं असतं तर तू आला नसतास.

मी व्हरांड्यातल्या बाकावर होते. पिंटूच्या खांद्यावर हात टाकून तू फाटकातून आलास. पाय उंच उचलून, आपटून टाकत होतास, चिखलातून चालावं तसा. खाली फरशी होती. माझ्यासमोरून गेलास आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या पाटीकडे बघितलंस. एवढ्या आवडीने तू पाटी कधी वाचली नव्हतीस.

डॉक्टर रश्मी माझ्या शाळेची मुलगी नाही, तरी मला आवडली. कामापुरतं बोलते. तिने तुला पाय जुळवून उभं केलं आणि म्हणाली, "काका, आता डोळे मिटा." तू मिटलेस. आणि कापलेल्या झाडासारखा कलंडलास. मी तुला धरलं.

"सोड," म्हणालास.

पावणेतीन वर्षांत तुझ्या तोंडून माझ्यासाठी निघालेला पहिला शब्द. मी सोडलं नाही. चांगलं घट्ट धरून ठेवलं. तुझं वजन एवढं कमी झालं असेल असं वाटलं नव्हतं.

नंतर डॉक्टरने मला समजावलं. तळव्यांकडून डोक्याला खबर जात नाही, म्हणून तू डोळ्यांनी बघून तोल सांभाळतोस. तलावाच्या गढूळ पाण्यात पाय दिसत नाहीत. म्हणजे पाण्यात तू डोळे मिटूनच उभा असतोस. म्हणून पडतोस.

मी विचारलं, पाय परत येतील का? ती म्हणाली, "वेळेवर आलात तर येतात. पूर्ण येतील असं लिहून देणार नाही." हे तुझ्यापासून लपवत नाही.

आता महिना-सव्वा महिना सुया. एक दिवसाआड, मग आठवड्याला एक. त्यानंतर गोळी, रोज एक, जन्मभर. मला वाटायचं गोळी ही सुईची धाकटी बहीण, तात्पुरती. तिला स्पष्ट विचारलं, जठरच नाही तर गोळी जाणार कुठून? तिने सांगितलं ते तुला तुझ्या भाषेत सांगते. जाळं सगळं फाटलं आहे. दोन मासळ्या सोडल्या तर एकही अडकणार नाही. पण शंभर सोडल्या तर कुठल्या तरी दोऱ्यात एक अडकतेच. बी-बाराचं तसंच आहे. हात धरणारा नसला तरी शंभरात एक भाग आपसूक आतड्यातून झिरपतो. शरीराला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. गोळीत पंधराशे असतं. त्याचा शंभरावा भाग पंधरा. पुरून उरतं. फक्त चुकवायचं नाही, कारण साठा शिल्लक नाही.

पावसाळ्यात तुमचा नाला भरला की आरोग्य केंद्राचा रस्ता बंद होतो. सुईवर राहिलास तर दर आषाढात खंड पडेल. गोळी घरात राहते. म्हणून गोळी.

मी पाठवीन. नाव, ताकद, तारीख, सगळं मोठ्या अक्षरात लिहून.

बाई


चंद्रपूर, २२ जानेवारी २०२४

मनसाराम,

काल पत्रू मासळीच्या टेम्पोबरोबर आला. आधी जयाला मुलगी झाल्याचं सांगितलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे ऐकून मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. तो खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून माझं पाकीट काढलं. तीन पट्ट्या, तशाच्या तशा.

"नाई घेत म्हणते."

"का नाही घेत?"

"बाई, मले मधात काऊन घेता तुमी दोघं? म्या मासे इकनारा मानूस."

"पत्रू, सांग."

तेव्हा त्याने पायाकडे बघत सांगितलं. "मनसाराम म्हणते, सुई सरकारची हाये, घेतली. गोळी तिची हाये. पैले तिनं खरं काय व्हतं ते लिवून पाठवावं. तिच्या हातानं. मंग खाईन."

तुझ्या सुया संपल्या. उद्यापासून गोळी नाही तर काही नाही. म्हणजे तू मला कोपऱ्यात गाठलं आहेस. मासे असेच गाठतोस, माहीत आहे मला.

ठीक आहे. लिहिते.

११ फेब्रुवारी २०२१, नागपूर. तू वॉर्डात पडून होतास. सर्जनने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, कॅन्सर आहे. जठर पूर्ण काढावं लागेल. काढलं तर आशा आहे. त्यांनी विचारलं, "पेशंटला कोण सांगणार?" मी म्हणाले, सांगायचं नाही. हे म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

बाहेर येऊन मी तुला म्हटलं, अल्सर आहे, जखम आहे, टाके घालतील. तू विचारलंस, "बाई, तलावात उतरता येईल नं?" मी म्हणाले, महिन्याभरात.

मग कागद आला. इंग्रजीत होता. मी बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे सही कर. तू वाचायचा प्रयत्नही केला नाहीस. बाईने बोट ठेवलं म्हणून केलीस. चिखलात काढून दाखवलेल्या त्याच अक्षरांनी, नीट, जोडाक्षर न चुकवता. त्या सहीकडे मी अजूनही बघते. डोळे मिटले की.

दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी आहार सांगणारी मुलगी आली आणि सहज बोलून गेली, "काका, तुमचं जठर पूर्ण काढलंय, आता थोडं थोडं खायचं." तू माझ्याकडे बघितलंस. येताना गाडीत ड्रायव्हरशेजारी पुढे बसलास आणि गावापर्यंत मागे वळला नाहीस.

मी स्वतःला सांगत आले की तुला धक्का बसू नये म्हणून लपवलं. ते खरं नाही. मला भीती होती तू नाही म्हणशील. शेवटच्या दुखण्यात बाबा बसले तसा तलावाकडे तोंड करून बसशील आणि उठणार नाहीस. तू नाही म्हणाला असतास तर ते तुझं पोट होतं, तुझं म्हणणं होतं. मी ते तुला म्हणूच दिलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषणात म्हणाले होते, माझ्या भावाने माझ्यासाठी शाळा सोडली. तू मागच्या रांगेतून उठून ओरडलास, "खोटं हाये, बाई! मले गुरुजीचा मार नोको व्हता!" सगळी शाळा हसली. तुला तुझी स्तुतीसुद्धा खोटी चालत नाही. हे माहीत असूनही मी तुझ्याशी खोटं बोलले.

पुन्हा तशी वेळ आली तर काय करीन? विचार केला. तुला सांगीन. आणि मग तू हो म्हणेपर्यंत तुझ्या उशाशी बसून भांडेन.

खरं हे एवढं होतं. माझ्या हाताने लिहिलं. पाकीट परत पाठवते आहे. आता तुझा शब्द पाळ.

कुंता


चंद्रपूर, ३० जानेवारी २०२४

मनसाराम,

जयाचा फोन आला. तू पत्र दोनदा वाचलंस म्हणे. मग तिला पाणी मागितलंस, गोळी गिळलीस आणि म्हणालास, "मले तवाच मालूम व्हतं. वार्डातला झाडूवाला सांगून गेला व्हता, तुले क्यान्सर हाये म्हणून. बाई कवा सांगते, तेच पाहून राह्यलो व्हतो."

तीन वर्षं! मी इथे तीन वर्षं तोंडात गुळणी धरून बसले होते आणि तू तिथे झाडूवाल्याकडून सगळं ऐकून बसला होतास.

मला इतका राग आला की हसू आलं.

यापुढे रिकाम्या पट्ट्या पत्रूच्या हाती परत पाठवायच्या. विज्ञानात तोंडी सांगणं चालत नाही. पुरावा लागतो.

बाई


चंद्रपूर, ३ मार्च २०२४

मनसाराम,

पट्ट्या मिळाल्या. तिन्ही रिकाम्या. चिठ्ठी नाही, हरकत नाही.

पण त्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधून, वर ती तुमची गाठ मारायची काय गरज होती? मला सुटली नाही. कात्री लावावी लागली. मुद्दाम करतोस.

नव्या पट्ट्या पाठवल्या आहेत. बाळाच्या काजळाची डबीही आहे, ती जयाची. जया म्हणते पाय अजून तसेच आहेत, उलट रात्री मुंग्या वाढल्या. डॉक्टरला विचारलं. नसा जाग्या होताना असं होतं म्हणाली. धीर धर. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

बाई


चंद्रपूर, ९ जून २०२४

मनसाराम,

खरं लिहायची सवय लागली आहे, तेव्हा हेही लिहिते.

गेल्या महिन्यात तलाव उतरला आणि सोसायटीची मोठी मासेमारी होती, त्या सकाळी मी गावात आले होते. कोणाला सांगितलं नाही. पळसामागे उभी राहिले. गावातली सगळी धिवर मंडळी, बायापोरांसकट, पाण्याला घेरून उभी होती. तू पाळीवर बायांमध्ये बसून मासळी निवडत होतास. रोहू एकीकडे, कटला एकीकडे. पोरं तुला चिडवत होती.

"मनसारामबुवा, पोट त् नाई, मंग पोटासाठी काऊन राबता?"

"तुह्या पोटासाठी बे! तुह्या बापाले मासे धरता येत नाई म्हणून!"

सगळे हसले. तूही हसलास. पण मग चिखलात मरळ निसटली म्हणून गलका झाला, आणि मी तुझे पाय बघितले. दोन्ही पाय चपलेतून बाहेर आले होते आणि कोरड्या मातीत रुतायला बघत होते.

लहानपणी तू मला चिखलात उभं करायचास. "पाय हालवू नोको, बाई. मासोळी सोता येते तळव्याखाली." मी नेहमी हलवायची. तुझ्या तळव्याला कळायचं, खाली चिखल आहे, मुळं आहेत की मरळ. आम्ही डोळ्यांनी शिकलो, तू पायांनी. ते पाय मी एका रंगाच्या चुकीत घालवले.

भेटायला हवं होतं. तुला पाळीवर बसलेलं बघितल्यावर पुढे यायला माझेच पाय उचलले नाहीत. पाचच्या बसने परत आले.

पट्ट्या वेळेवर येतात. गेल्या खेपेला एका पट्टीत दोन गोळ्या शिल्लक होत्या. जया म्हणाली वडशाला पाहुणपणाला गेला होतास. पाहुणपणाला जाताना माणूस तंबाखूची डबी विसरत नाही. पट्टी त्याच खिशात ठेव.

बाई


चंद्रपूर, १९ ऑगस्ट २०२४

मनसाराम,

नाला अठरा दिवस भरलेला होता असं पत्रूने सांगितलं. तुझ्याकडे दोन महिन्यांच्या पट्ट्या आधीच होत्या, म्हणून मला झोप लागली. सुई असती तर या अठरा दिवसांत काय झालं असतं हे मी मोजत बसले असते.

रक्ताचा निकाल आला. डिसेंबरात बी-बारा शहाण्णव होतं. आता चारशे ऐंशी. नुसत्या गोळीवर. माझा डॉक्टरवर विश्वास होता, तरी आकडा बघितल्याशिवाय मला पटत नाही. आता पटलं.

पण आकडा म्हणजे पाय नव्हे. जया म्हणते तू आता पिंटूचा खांदा धरत नाहीस. भिंत धरतोस. "आमच्या घरी दोघं जनं बसले बसले सरकून राह्यले, आत्याबाई. एक सात महिन्याची, एक साठ वर्साचा." तिची जीभ तुझ्यासारखी होत चालली आहे.

डॉक्टर म्हणाली, वर्षभरात जेवढं यायचं तेवढं येतं. त्यानंतर फारसं नाही. आठ महिने झाले. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. मी काही लपवणार नाही, असं ठरलं आहे आपलं.

या खेपेची गाठ मी न कापता सोडली. सगळी दुपार गेली, पण सोडली.

बाई


चंद्रपूर, २५ नोव्हेंबर २०२४

मनसाराम,

आज सकाळी पत्रू आला. दारातच दात काढून उभा. मी म्हटलं, काय झालं? "म्या काई सांगत नाई. पट्ट्या सोडा पैले." त्याला चहा दिला नाही, आधी गाठ सोडली.

तीन रिकाम्या पट्ट्या आणि मध्ये कॅलेंडरचं फाडलेलं पान. मागच्या कोऱ्या बाजूला तुझं अक्षर. चिखलात काढायचास तसंच मोठं, जागा भरपूर घेणारं.

"बाई, काल शिंगाडे काढाले उतरलो. पत्रू संगं होता. डाव्या पायात काटा रुतला. लय दुखला. एवढ्या जोरानं बोंबललो का पाळीवरचे बगळे उडाले. अजून ठनकून राह्यला. उजवा पाय अजून निजून हाये. तुले सांगाव म्हटलं. मनसाराम."

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. पत्रूने विचारलं, "बाई, रडून राह्यल्या का तुमी?" मी त्याला म्हटलं, डोळ्यांत काटा गेला. तो मूर्ख नाही. स्वतःच उठून आत गेला आणि चहा ठेवला. साखर दुप्पट टाकली.

आता ऐक. धनुर्वाताची सुई आजच घ्यायची. जखम साबणाने धुवायची, वर हळद थापायची नाही. गोळी चुकवायची नाही. एक पाय जागा झाला म्हणजे काम झालं असं नाही. उजव्याला आणखी वेळ देऊ. नाहीच जागा झाला, तर एका पायाने मासोळी शोध. तुझा एक पाय दुसऱ्यांच्या चारांना भारी आहे.

रविवारी सकाळच्या बसने येते आहे. या वेळी पळसामागे नाही, सरळ पाळीवर. तू पाण्यात असशील तर बाहेर येऊ नकोस. मी काठाशी उभी राहीन, आणि पाय हलवणार नाही.

काटा फेकला नसशील तर ठेव. मला बघायचा आहे.

अजून दुखतोय ना? दुखू दे.

तुझी,
बाई